बाहेरच्या खोलीतली शांतता

ते साल २०११. आमची धाकटी तेव्हा एका कंपनीत मोबाइलसाठी ‘मधला थर’ लिहायची. फोन घरच्या वायफायवरून बाहेरच्या टॉवरवर जाताना बोलणं तुटतं. ते बोलणाऱ्याला जाणवू द्यायचं नाही, हे त्या थराचं काम. चाचणीचे फोन तिनं घरातच वाटले होते. एक ह्यांना, एक मला, एक परगावी राहणाऱ्या थोरल्याला.

“म्हणजे तुझी मोठी आत्याच की,” हे म्हणाले. “दोन भाऊ भांडले की मधे बसून दोन्हीकडे गोड सांगायची. भांडण झालंय हेच कुणाला कळायचं नाही.”

“हो बाबा. फक्त आत्या जेवायला थांबायची.”

तुटल्या जागी अगदीच सामसूम झाली तर लोक फोन ठेवून देतात. म्हणून तिथे भरायला धाकटीनं आमच्या बाहेरच्या खोलीचा आवाज घेतला. दुपारी, पंखा बंद करून, हे पेपर वाचत असताना.

“पान उलटू नका, बाबा.”

“मग वाचू काय, तुझं तोंड?”

तेवढं तिनं कापून टाकलं. उरला तो ह्यांचा श्वास.

थोरल्याशी ह्यांचं बोलणं बंद होतं. ह्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातले जुने रेडिओ त्यानं न विचारता भंगारात काढले होते, तेव्हापासून.

मग ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी स्ट्रेचर वॉर्डातून निघालं आणि धाकटीनं दिलेल्या फोनवर थोरल्याचा फोन आला. मी तो ह्यांच्या कानाला लावला.

“बाबा, मला काही सांगायचंय.” एवढं मलाही ऐकू आलं.

“बोल. ऐकतोय.”

दोन इमारतींना जोडणारा लांब बोळ होता. त्यातून जाताना हे कान देऊन पडून होते. पलीकडच्या दाराशी नर्सनं फोन काढून घ्यायला सांगितलं.

“काही बोललाच नाही गं,” हे म्हणाले. “नुसता श्वास घेत होता. असू दे. फोन तर केला.”

दार मिटलं. ते ऑपरेशन ह्यांना झेपलं नाही.

थोरला आला. सगळं उरकल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. धाकटीला मी ह्यांचं बोलणं सांगितलं होतं.

“मी सगळं बोललो,” तो म्हणाला. “माफी मागितली. बाबा गप्प होते, पण ऐकत होते. श्वास येत होता त्यांचा.” मग धाकटीकडे वळला. “लाइन तुटली नव्हती ना गं?”

“तुटली होती, दादा. त्या बोळात काहीच पोचत नाही. तू ऐकलास तो श्वास बाबांचाच, पण बाहेरच्या खोलीतला. मी भरलेला.”

ऑफिसात बोलावं तशी ती बोलली. त्यानं उठून कप विसळला, पुसला, पुन्हा विसळला.

“आणि त्यांना काय ऐकू आलं?”

“तेच.”

“‘फोन तर केला’ म्हणाले,” मी सांगितलं. त्यानं मान हलवली. रडलं कुणीच नाही. मी ओटा पुसून घेतला.

पुढे धाकटीनं तो आवाज काढून तुटल्या जागी बारीक टिकटिक घातली. लोकांना ती खुपली, कंपनीनं आधीचा आवाज परत आणला. धाकटीनं नोकरी सोडली. आता कॉलेजात शिकवते. आत्या गेली. ह्यांच्या दुकानाच्या जागी चष्मेवाला आला. थोरला रोज फोन करतो. दर दोन वाक्यांनी थांबतो.

“आई, ऐकतेयस ना?”

“ऐकतेय,” मी म्हणते. मग तो पुढचं बोलतो.