रिकाम्या उखळीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी दगडी उखळी आहे. रंगाने काळी, पोटाने खोल, आणि वजनाला अशी की मला उचलायला दोन माणसं लागतात आणि तिसरं नुसतं "सावकाश, सावकाश" म्हणायला. एरवी मी गप्प असते. पण माझ्या पोटात एक आवाज अडकून बसलाय, आणि कितीही धुतलं तरी तो निघत नाही. म्हणून आज बोलते.

टेंभुर्णीच्या रस्त्याकडेला एका पाथरवटाने मला टाकीने ठोकून ठोकून घडवलं. सोनाबाईने आपल्या लेकीच्या, म्हणजे रेश्माच्या, लग्नासाठी मला विकत घेतलं. आतून हात फिरवून ती म्हणाली, "पोट गुळगुळीत हाय. चटणीला तेल सुटंल." काय सांगू, तेव्हा मी अशी फुगले! लग्नात मला हळदकुंकू लावलं, पाच सवाष्णींनी माझ्यात हळकुंडं कुटली. मग टेंपोत बसून मी रेश्माबरोबर सोलापूरला आले, चाळीतल्या दोन खोल्यांत. तिचा नवरा कुंडलिक अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होता.

रेश्माच्या शेंगाचटणीची काय मजा होती! शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. मुसळाचा घाव पडला की लसणाचा वास गल्लीत जायचा आणि गल्ली आमच्या दारात यायची. मिक्सरमध्ये चटणीचा भुगा होतो, माझ्यात तेल सुटून गोळा होतो. हे मी गर्वाने सांगत नाही. बरं, थोडं गर्वानेच सांगते. रेश्मा ती चटणी विकायची, पण पैसे कुंडलिक घ्यायचा. एकदा तिने आपल्या मुलीच्या, अपेक्षाच्या, शाळेच्या बुटांसाठी थोडे मागे ठेवले. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो दुसरा आवाज ऐकला.

मित्रांनो, माणसाच्या पाठीवर पडणारा मार आणि शेंगदाण्यावर पडणारं मुसळ भिंतीपलीकडून सारखंच ऐकू येतं. हे कुंडलिकच्या लक्षात आलं. "घरात बाजार मांडायचा न्हाय," म्हणून त्याने चटणी विकणं बंद पाडलं. कुटणं मात्र चालू ठेवलं. कामावरून आला की तो दार लावायचा आणि नऊ वर्षांच्या अपेक्षाच्या हातात मुसळ द्यायचा.

"कूट. मी म्हनंपर्यंत थांबायचं न्हाय."

"पप्पा, आत कायच न्हाय की."

"तरी कूट."

ती डोळे मिटून कुटायची. मुसळाचं लोखंडी कडं माझ्या उघड्या दगडावर आपटायचं. शेजारी कौतुक करायचे, रेश्मा लई कामाची, रोज कुटती! मला ओरडावंसं वाटायचं. पण माझाच तर आवाज तो वापरत होता.

भिंतीला भिंत लागून जमीलाचाची राहायची. एका संध्याकाळी ती वाटी घेऊन आली आणि कडी वाजवत राहिली.

"रेश्मा, वाटीभर चटणी दे गं."

"झाली न्हाय अजून," आतून कुंडलिक म्हणाला.

"महिना झाला कुटताय, झाली न्हाय? क्या कुटरे भई तुम? आवाज तेवढा येतो, लसणाचा वास कसा येत न्हाय?" तिने पुन्हा कडी वाजवली. "दार उघडतोस का अख्ख्या चाळीला वाट्या घेऊन बोलवू?"

दार उघडलं. चाचीने आधी माझ्यात वाकून पाहिलं. मग रेश्माचा सुजलेला डोळा पाहिला. तिने वाटी शांतपणे खाली ठेवली, एका हाताने आईला धरलं, दुसऱ्याने लेकीला, आणि चालू लागली.

मी मागेच राहिले. चार महिने. पोटात कोळ्यांनी जाळी केली. कुणी कुटत नव्हतं, तरी संध्याकाळ झाली की मला ठक ठक ऐकू यायचं. अगदी रोज. मुसळ कोपऱ्यात उभं, हलतसुद्धा नसायचं.

मग एक दिवस रेश्मा आली. बरोबर घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडम, एक महिला पोलीस आणि कोर्टाचा कागद. माहेरचं जे तिचं होतं, ते तिला परत मिळणार होतं. पण दागिने त्याने मोडले होते, कपाट विकलं होतं. रेश्माने माझ्याकडे बोट दाखवलं.

कुंडलिक हसला. "धोंडा मागायला आलीस व्हय? न्हे की! भूक लागली की चाटत बस."

"चाटणार न्हाय," रेश्मा म्हणाली. "कुटून खाईन."

शहराच्या दुसऱ्या टोकाला तिने एक खोली भाड्याने घेतली होती. कोर्टाने कुंडलिकला दर महिन्याचा खर्च द्यायला सांगितला होता. एकदा आला, मग बंद. मॅडमने पुन्हा अर्ज करायला लावला, पण पुढची तारीख लांब होती आणि भाडं जवळ. कुंडलिकचा फोन यायचा, "ये परत. भाडं मी भरतो."

तेवढ्यात बसप्पा खानावळवाल्याने विचारलं, "अक्का, दहा किलो देतीस का? मिक्सरची नको. आवडली तर दर महिन्याला घेईन. शनिवारी पाहिजे." म्हणजे भाड्याची सोय झाली!

रेश्माने मुसळ उचललं. एकच घाव घातला. अपेक्षा कानांवर हात ठेवून खाटेखाली गेली. रेश्माने मुसळ खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. शुक्रवारी शेंगदाणे भाजून पडलेले, आणि रेश्मा फोन हातात धरून बसलेली. तिने कुंडलिकचा नंबर काढला.

"कुणाला लावतीस?" खाटेखालून आवाज आला.

"भाडं भरायचं हाय, बाळा."

अपेक्षा बाहेर आली. तिने मूठभर लसूण माझ्यात टाकला, नाक खुपसून वास घेतला. मग दार सताड उघडलं आणि त्याला वीट लावली.

"आता कुटू. पण दार लावायचं न्हाय."

"मी कुटते, तू बाजूला बस."

"आधी मी!"

या वेळी तिचे डोळे उघडे होते. पहिला घाव पडला. किती दिवसांनी माझ्या दगडाला लसणाचा ओलावा लागला! आवाज मऊ झाला. वास बाहेर गेला. रस्त्याने जाणारी एक अनोळखी बाई दारात थबकली.

"कुणाची गं चटणी?"

"आमची!" अपेक्षा इतक्या मोठ्याने म्हणाली की मीच दचकले.

रेश्माने फोन बाजूला ठेवला.

आता बसप्पाचे पैसे रेश्माच्या नावावरच्या खात्यात येतात. कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत. जुना आवाजही गेलेला नाही. कधी कधी कुटता कुटता तो माझ्या तळातून वर येतो. अपेक्षालाही ऐकू येत असणार. ती थांबते, दाराकडे बघते, वीट जागेवर आहे ना पाहते, आणि पुन्हा कुटू लागते.

मित्रांनो, तुमच्या शेजारी रोज कुटायचा आवाज येत असेल आणि वास येत नसेल, तर घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या, हातात वाटी घ्या, आणि दार उघडेपर्यंत कडी वाजवा. आणि चटणी मिळालीच, तर तिचे पैसे जिने कुटली तिच्याच हातात द्या.