सावलीचं माप

इस्क्राने दोरीचं एक टोक साठीला आलेल्या रादकाच्या टाचेशी धरलं आणि दुसरं तिच्या सावलीच्या डोक्यापर्यंत ओढत नेलं. नव्या घराच्या ओसरीवर ऊन कुठवर येईल, ते तिला पाहायचं होतं. वेलिको पलीकडे चिखल तुडवत होता. तसाच चिखलाच्या पायांनी तो धावत आला आणि त्याने दोरी हिसकावून घेतली.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गवंडी असा धावेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. पुरात घरं गेलेल्यांसाठी गावाने आपल्याच मातीचं, आपल्याच हातांनी घर बांधावं, म्हणून राजधानी सोफियाहून आलेल्या इस्क्राने कार्यशाळा भरवली होती. ठरवणार तुम्ही, मी फक्त विचारणार, असं ती पहिल्या दिवसापासून घोकत होती. पण हे विचारायचं तिला सुचलं नाही. बिचारीला काय ठाऊक!

गावातल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यांना ठाऊक होतं. माणसाच्या सावलीचं दोरीने माप घ्यायचं, ती दोरी भिंतीच्या पायात गाडायची. भिंत टिकते आणि माणूस चाळीस दिवसांत जातो.

"मामा, दे ती दोरी," रादका म्हणाली. "काय खुळ्यासारखं करतोस?"

"शाळेच्या पायात तुझी आई आहे."

मग अठ्ठावन्न वर्षं गिळून ठेवलेलं त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. तेव्हा तो शाळा बांधणाऱ्या गवंड्यांच्या टोळीत नवखा होता. दिवस मावळायच्या आत कुणाची सावली मिळाली नाही तर तुझीच गाडू, असं मुकादमाने बजावलं होतं. वाटेने त्याची थोरली बहीण गेंका आली, जरा थांबली. त्याने मागून माप घेतलं. महिनाभरात तान्ही रादका पोरकी झाली. शाळा मात्र या पुरातही हलली नाही. तिच्याच छपरावर गाव वाचलं, रादकाही वाचली.

"पाठमोरी होती ती," वेलिको म्हणाला. "तिला काही कळलं नाही. तेवढ्यावरच जगलो बघ मी."

रादका नखातला चिखल काढत राहिली.

"आजीने जाताना मला सांगितलंय, मामा. तू दोरी घेऊन येताना आईने पाहिलं होतं. तुला जड जाऊ नये म्हणून तिने पाठ फिरवली."

वेलिको विटांच्या ढिगावर बसला.

"म्हणजे आमच्या आईलाही ठाऊक होतं?" त्याने विचारलं. "तीस वर्षं तिने मला रोज जेवायला वाढलं."

रादका त्याच्याशेजारी बसली.