काविळीची पुडी

इथे परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना मी पुरती ओळखून आहे. चोआ चू कांगसारख्या उपनगरात फ्लॅट घेतील, मुलांना पियानो शिकवतील, पण दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याचा वास लागल्याशिवाय यांना जेवण जात नाही. म्हणून प्रसन्नच्या लिव्हरमधली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मला आधी हीच माणसं आठवली. लिव्हर म्हटलं की यांच्या डोळ्यांसमोर बाटली येणार. माझा नवरा वन-नॉर्थच्या लॅबमध्ये वीस वर्षं काम करतोय आणि पार्टीत लिंबूसरबत मागतो, पण हे कुणाकुणाला समजावत बसणार? मी सगळ्यांना सांगितलं, "कावीळ झालीय."

"ममी, जस्ट टेल देम ला," आमची श्रिया तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली. सोळा वर्षांच्या पोरीला माणसं कुठे कळतात, म्हणून मी तिला गप्प केलं. प्रसन्न म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते सांग." तेव्हा तो सगळ्यालाच हो म्हणत होता.

मग काविळीचे तज्ज्ञ घरी येऊ लागले. मराठी मंडळातल्या प्रतापने हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून उसाचा रस आणला. दुसऱ्या कुणीतरी मुळ्याचा पाला सुचवला. सगळ्यांवर कडी सुलेखाताईंची. या बाई रॅफल्स प्लेसच्या बँकेत जोखीम तपासतात. तीन सह्यांशिवाय कागद पुढे सरकू देत नाहीत आणि आमच्याकडे आल्या ते रबर लावलेली, बिननावाची पुडी घेऊन.

"आमच्या गावच्या वैद्यांची आहे. भाच्याची कावीळ सात दिवसांत उतरली."

मी गोड हसले आणि पुडी ड्रॉवरमध्ये टाकली. टाकून द्यायला हवी होती. पण पुढच्या वेळी त्यांनी विचारलं तर, म्हणून ठेवली.

गुरुवारी प्रसन्नच्या जांघेतून बारीक नळी घालून गाठीत थेट औषध सोडणार होते. दोन महिने आम्ही या तारखेवर जगत होतो. सोमवारी रक्त तपासलं, तर लिव्हरचे आकडे चौपट. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही झाडपाला, पावडर वगैरे?"

मी "छे!" म्हणाले. प्रसन्न मान खाली घालून बसला होता.

सुलेखाताईंच्या पुडीतली पावडर तो दहा दिवस घेत होता. रोज सकाळी, मी अंघोळीला गेले की, कोमट पाण्यातून. लोकांचे प्रयोग खोडून काढणारा शास्त्रज्ञ! मला त्याची इतकी चीड आली की परतताना एमआरटी ट्रेनमध्ये मी त्याच्याशेजारी बसले नाही. घरी आल्यावर म्हटलं, "तुला कावीळ नाहीये हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण सात दिवसांत बरं वाटेल असं मला दुसरं कुणीच सांगत नव्हतं गं."

सगळा राग मी फोनवर सुलेखाताईंवर काढला, त्या भरात कॅन्सरचंही सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विभा, माझा भाऊ याच आजाराने गेला. तू खरं सांगितलं असतंस तर मी पुडी आणलीच नसती. हॉस्पिटलात तुझ्याबरोबर येऊन बसले असते."

त्यांच्यावर ओरडायला मला आणखी कारण हवं होतं. सापडलं नाही.

गुरुवारची तारीख रद्द झाली. आकडे उतरले तर तीन आठवड्यांनी बघू, नाही उतरले तर दुसरा विचार करावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसरा कोणता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या संध्याकाळी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "प्रसन्नला लिव्हरचा कॅन्सर आहे. कावीळ आहे असं मी खोटं सांगितलं होतं. कृपया कुणी औषधं आणू नका." दोन मिनिटांत प्रतापचा मेसेज आला. "वहिनी, प्यायचा का हो?"

माणूस अगदी मी ओळखला होता तसाच निघाला. मी "नाही" लिहिलं. त्याने "ओके, काळजी घ्या" लिहिलं. पुढे कुणीही काही विचारलं नाही.

एवढंच होतं ते. एवढ्याला भिऊन मी प्रसन्नचे तीन आठवडे घालवले.