नमुना घ्यायला आलेली बाई

ढोकीच्या चांगुणाबाईंची सून हॉलंडची. पोहण्याच्या शर्यतीत पन्नास मीटरचा तिच्या देशाचा विक्रम हिल्केच्या नावावर होता. मुलगा अमरदीप तिकडं नोकरीला, लग्नही तिकडंच झालेलं. स्पर्धांतून सवड काढून ती पहिल्यांदा सासरी आली, तेव्हा गल्लीतल्या बाया बघायला लोटल्या. चांगुणाबाईंनाही ती आवडली. उंच, हसरी, भाकरी थापताना शेजारी मांडी घालून बसणारी.

मग तिला खोकला झाला. चांगुणाबाईंनी अडुळशाचा काढा केला. हिल्केनं हात जोडले आणि पेला तसाच ठेवला. मेडिकलमधलं औषधही नको म्हणाली. मटणाला शिवली नाही. पाणी सीलबंद बाटलीतलंच, आणि बाटली जरा नजरेआड झाली की उरलेलं ओतून द्यायची.

"का रं, तिला आपल्या हातचं चालत न्हाय का?" चांगुणाबाईंनी मुलाला विचारलं.

"खेळाचे नियम असतात माय."

"घरचं पाणी पिऊ नको म्हणणारा कोणता खेळ?"

अमरदीपनं विषय बदलला. चांगुणाबाईंच्या लहानपणी विहिरीवरच्या बाया शिवाशिव नको म्हणून त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या. हिला हे कुणी शिकवलं? त्या लक्ष ठेवू लागल्या. हिल्के रोज फोनवर काहीतरी लिही, आणि तिच्या बोलण्यात 'ढोकी' एवढं एकच ओळखीचं नाव येई. आपण कुठं आहोत, हे ती कुणाला कळवते?

एका पहाटे दारात जीप थांबली. अमरदीप फिरायला गेलेला. खोकं घेऊन उतरलेल्या बाईनं हिल्केचं नाव घेतलं, ओळखपत्र दाखवलं आणि सांगितलं, लघवीचा नमुना हवा. तो देताना मला समोर उभं राहावं लागेल.

चांगुणाबाई बाथरूमच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेनं काय चोरी केलीय?"

त्या बाईचं नाव निकिता, पुण्याची. तिनं समजावलं. खेळाडू ताकद वाढवायची औषधं घेतात का, हे तपासायला माणसं कधीही, कुठंही येतात. म्हणून रोजचा ठावठिकाणा कळवावा लागतो. साध्या खोकल्याच्या औषधातही, जनावराला काही टोचलं असेल तर मटणातही, कधी बंदी असलेलं काही निघतं. उघड्या बाटलीत कुणी काही टाकू शकतं.

"मग घरच्यांवरबी इश्वास ठेवायचा न्हाय?"

"चूक कुणाचीही असो काकू, बंदी हिच्यावरच येते."

चांगुणाबाई बाजूला झाल्या. हिल्के खाली मान घालून आत गेली. मागोमाग निकिता.

जीप गेल्यावर अमरदीप आला. चांगुणाबाई सुनेजवळ बसल्या. त्यांनी विचारलंच, "पण तू खरंच काय घेत न्हाईस ना?"

अमरदीप चिडला. "माय, हे मी तिला सांगणार न्हाय."

पण हिल्केला सूर कळला होता. ती शांतपणे त्यांच्याकडं बघत बोलली आणि अमरदीपला ते मराठीत सांगावं लागलं: "न्हाय घेत. विक्रम झाला त्या संध्याकाळी माझ्या बापानंही हेच विचारलं होतं."

चांगुणाबाईंना तिच्याकडं बघवेना.

गल्लीत मात्र कुजबुज झाली. काही असल्याबिगर पुण्याहून माणसं येतात व्हय? महिन्यानं तपासणीत काहीच निघालं नसल्याचं कळलं. चांगुणाबाईंनी ते घरोघरी सांगितलं. बायांनी ऐकून घेतलं.

उन्हाळ्यात हिल्केनं स्वतःचाच विक्रम मोडला. चांगुणाबाई आणि शेजारच्या लक्ष्मीबाई फोनवर बघत होत्या. यातली आपली कोणती, हे ओळखेपर्यंत शर्यत संपलीसुद्धा.

"लईच जोरात गेली की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "कसं जमतं गं हे तिला?"

चांगुणाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. कौतुक होतं की आणखी काही, ते त्यांना ठरवता येईना.

"मेहनत," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.