दारं नसलेली कपाटं

ब्लासिदाने आईचे झगे हँगरसकट ओढून काढले आणि पलंगावर उघडून ठेवलेल्या सुटकेसमध्ये टाकले. मग वाकून खालच्या फळीवरच्या शाली, मोजे, औषधांची पिशवी, हाताला येईल ते उचलू लागली. शोधावं काहीच लागत नव्हतं. कपाटाला दारं नव्हती.

घरातल्या कुठल्याच कपाटाला दारं नव्हती. स्वयंपाकघरात बश्या, घेवड्याच्या बरण्या, येर्बाच्या चहाचा पुडा, आईचं रक्तदाब मोजायचं यंत्र, सगळं उघड्या फळ्यांवर मांडलेलं होतं. बिजागऱ्या होत्या तिथे लाकडाला फिकट डाग राहिले होते.

"चोर येऊन गेल्यासारखं दिसतंय घर," ब्लासिदा मागे न बघता म्हणाली.

सुनिल्दा खोलीच्या दारात उभी होती. सकाळचा कार्यक्रम संपवून रेडिओ केंद्रावरून ती नुकतीच घरी आली होती आणि मोठ्या बहिणीला तिथे पाहून डोक्यावरचं हेल्मेट काढायचं राहून गेलं होतं.

"दारामागचं मला दिसत नाही, ब्लासी. आणि जे दिसत नाही ते माझ्या लेखी नसतंच. म्हणून काढून टाकली."

"गुरुवारी आईलाही दारामागे ठेवलं होतंस वाटतं."

गुरुवारचं खरंच होतं. चौकाजवळच्या केस कापणाऱ्या बाईकडे तिने आईला सोडलं, तासाभरात न्यायला येते म्हणाली, आणि वाटेत केंद्रावरून फोन आला की प्रक्षेपण बंद पडलंय. ती धावली. वायरी, शिडी, तंत्रज्ञाशी वाद, पुन्हा सुरू झालेला आवाज, या सगळ्यात दुपार उलटून गेली. बाईंनी दुकान बंद केलं. एकोणऐंशी वर्षांची एदुविहेस डोक्याला रोलर लावलेल्या अवस्थेत पायरीवर बसून राहिली. शेजारची पोरफिरिया, जिला गाव आदराने न्या पोरफिरिया म्हणतं, तिला हाताला धरून घरी घेऊन आली आणि तिने फोन केला तो सुनिल्दाला नाही, लुके गावी, ब्लासिदाला.

"रोज सकाळी अख्ख्या इताउग्वा गावाला सांगतेस कुणाची गाय हरवली, कुणाचं ओळखपत्र सापडलं," ब्लासिदा म्हणाली. "तेवढ्यात आपली आई कुठे ठेवलीय तेही सांगायचं होतंस."

"जाहिरात द्याल तर नीट द्या," बाहेरच्या ओट्यावरून आईचा आवाज आला. "म्हातारी, डावा गुडघा कामातून गेलेला, शिव्या देते. सापडल्यास परत आणू नये."

दोघींपैकी कुणीही हसलं नाही.

"मी चुकले," सुनिल्दा म्हणाली. "गुरुवारीच आईला म्हटलं, पोरफिरियाला म्हटलं. आता तुला म्हणते. चुकले."

ब्लासिदा हातातली शाल तशीच धरून थांबली. पुढचं यायची ती वाट बघत होती. आजवर सुनिल्दाची माफी कधी एका शब्दात आटोपली नव्हती. ती रडायची, स्वतःला नावं ठेवायची, मग आठवडाभर भरपाई म्हणून कुणी न सांगितलेली कामं अंगावर घ्यायची, त्यातली निम्मी अर्धवट टाकायची आणि त्यांची पुन्हा माफी मागायची. या वेळी पुढे काहीच आलं नाही.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"नवीन आहे हे. डॉक्टरणीने शिकवलं?"

"हो."

ते खोटं नव्हतं. एक्कावन्नाव्या वर्षी, लेकीच्या आग्रहाखातर, सुनिल्दा राजधानीतल्या एका डॉक्टरकडे गेली होती. त्या बाईने तिला शाळेबद्दल विचारलं, करपलेल्या भांड्यांबद्दल विचारलं, मोडलेल्या लग्नाबद्दल विचारलं, आणि शेवटी एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, हा शब्द सांगितला. घरी येताना बसमध्ये सुनिल्दा खिडकीला डोकं टेकून रडली, आणि दुसऱ्या दिवशी हरवलेल्या गाईंच्या बातम्या सांगता सांगता तिने ते रेडिओवर सांगून टाकलं. केंद्रातला फोन दुपारपर्यंत वाजत राहिला. एक शिक्षिका म्हणाली की तिने आयुष्यात एकाही नातेवाइकाचा वाढदिवस वेळेवर साजरा केलेला नाही. एक बाई काहीच बोलली नाही, नुसती फोन धरून बसली.

त्यानंतरच्या वर्षात सुनिल्दाने आपल्या डोक्याशी भांडायचं सोडून दिलं. पेचकस घेऊन कपाटांची दारं काढली. चावी गळ्यात अडकवली आणि तिच्या शेजारी स्वयंपाकघरातलं किल्लीचं छोटं गजराचं घड्याळ. आईची गोळी, शेगडी, अंघोळीचं पाणी, प्रत्येक गोष्टीला ते घड्याळ लावायची. आई त्याला बकरीची घंटा म्हणायची. पोरफिरियाला तिने तोंडावर सांगितलं होतं, गॅसचा वास आला तर भिंतीवरून ओरड, मला राग येणार नाही. आणि वर्षभर सगळं नीट चाललं होतं. गुरुवारी तेवढं ते घड्याळ लावायचं राहिलं.

"मी लुकेच्या दुकानात रांगेत उभी होते," ब्लासिदा म्हणाली. तिने शाल घडी घालून ठेवली, कडा कडेला लावून. "मागची बाई म्हणते, तुमच्या बहिणीचं ऐकलं हो, बिचारी. बिचारी! पन्नाशी ओलांडल्यावर लहान मुलांचं दुखणं लागतं का कुणाला?"

"लागलं नाही. होतंच."

"आळसाला डॉक्टरची चिठ्ठी मिळाली, दुसरं काय. आणि तीही गावभर वाचून दाखवलीस." तिने सुटकेस दाबून बघितली. "आमच्या समोरच्या फिदेलिनोला गाडी घेऊन बोलावलंय. येईलच. आईचे जाड बूट कुठेत?"

"आईला विचारलंस?"

"आईला काय विचारायचं?"

"मला लुकेला जायचं नाही," ओट्यावरून आवाज आला. "इथेही राहायचं नाही. मला माझ्या आईकडे जायचंय. ती मेली, म्हणून पंचाईत झालीय. तेव्हा दोघी जरा हळू भांडा."

ब्लासिदा गुडघ्यांवर बसली आणि बूट शोधायला तिने पलंगाखाली हात घातला. बूट नाही आले. लाकडी चौकट आली. तिच्यामागे दुसरी आली, मग तिसरी, धुळीने माखलेल्या, एकमेकींत अडकलेल्या. तिने त्या झटकन पुन्हा आत ढकलल्या, पण सुनिल्दा तोवर पुढे आली होती. तिने वाकून सगळा ढीग बाहेर ओढला.

चौकटींवर ताणलेल्या कापडावर न्यांदुतीची चाकं होती. कोळ्याच्या जाळ्यासारखी ही लेस या गावातल्या निम्म्या बायका विणतात, आणि एदुविहेसचा त्यात हातखंडा होता असं सगळं गाव म्हणायचं. सुनिल्दा एकेक चौकट पलंगावर मांडत गेली. एका चाकाचे धागे नुसते मध्यापासून कडेपर्यंत ताणलेले होते. दुसऱ्यात पेरूच्या फुलाचा नमुना पाकळीच्या मध्यावर थांबला होता. तिसऱ्यात तीन रंग सुरू केलेले, तिन्ही सोडून दिलेले. सुई चौथीत तशीच गंजून बसली होती.

"एकही पुरं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढू लागला. "ब्लासी, बघ ना! एकही नाही! हिचंही माझ्यासारखंच होतं. आणि मला हिने किती मारलं गं. वही अर्धी ठेवली म्हणून, बादली विहिरीवर विसरले म्हणून. चपलेने मारलं, विळ्याच्या मुठीने मारलं. हीच, जिने स्वतः एक..." ती थांबली. "पण मग विकली जायची ती कुठली?"

ब्लासिदा अजून जमिनीवरच होती.

"ती मी पुरी केली."

सुनिल्दाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"नऊ वर्षांची असल्यापासून," ब्लासिदा म्हणाली. "शाळेतून आल्यावर तू ओढ्यावर जायचीस. तुला वाटायचं मी लाडकी म्हणून आईजवळ बसते. आई रंग निवडायची, सुरू करायची. सुरुवात अशी करायची की बघत राहावं. आणि मग तिला दुसरंच काहीतरी सुचायचं. दुकानदारीण यायच्या आदल्या दिवशी चौकट माझ्या मांडीवर. ही जी खाली राहिलीत ना, ती माझं लग्न झाल्यानंतरची."

"तू कधी बोलली नाहीस."

"कधी बोलू? तुझा गणवेश शिवत होते. तुझी लेक शाळेच्या फाटकाशी संध्याकाळपर्यंत उभी राहिली तेव्हा लुकेहून बसने कोण आलं? तुझ्या नवऱ्याने घर सोडलं तेव्हा पोरीला कुणी नेलं?" ती ओरडत नव्हती, आणि त्यामुळे ऐकणं जास्त जड जात होतं. "फोन वाजला की उचलायच्या आधी मी पर्स शोधते. आता काय पडलं, काय सांडलं, कोण कुठे राहिलं. पन्नास वर्षं मी तुमच्या दोघींच्या मागे वाकून चालतेय. तुझ्या दुखण्याला नाव सापडलं. डॉक्टर सापडली. बायका रडत रडत तुला फोन करतात. माझ्यासारखीला काय म्हणतात? मी कुठल्या डॉक्टरकडे जाऊ? काय सांगू तिला? मला काहीच विसरता येत नाही, हे?"

माफी सुनिल्दाच्या ओठांवर आली. तिची जुनी, लांबलचक माफी, अश्रूंसकट. ती मागितली की ब्लासिदा नेहमीसारखी उठेल, तिच्या पाठीवर हात फिरवेल, पाणी आणेल, हेही तिला त्याच क्षणी दिसलं. तिने ती गिळली. हेल्मेटचा पट्टा सोडवला, ते काढून बाजूला ठेवलं आणि बहिणीसमोर जमिनीवर बसली.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"तुला कधी काय माहीत असतं."

"ते बरोबर आहे."

ओट्यावर खुर्ची करकरली.

"ब्लासीचे टाके घट्ट असायचे," एदुविहेस म्हणाली. "धुतलं की आकसायचे. ती दुकानदारीण दर वेळी मला ऐकवायची."

ब्लासिदाचा चेहरा दगडासारखा झाला. "मग तू काय सांगायचीस?"

"काय सांगणार? म्हणायचे, माझाच हात जड आहे." म्हातारी खोकली. "पोरीला राबवते असं सांगू का गावाला? लोक काय, नावं ठेवायला टपलेलेच." आणि जरा वेळाने, कुरकुरत, "शेवटी शेवटी नव्हते तेवढे घट्ट. शेवटी चांगले यायला लागले होते. तर तू लग्न करून निघून गेलीस."

ब्लासिदाने पलंगावरची पेरूच्या फुलाची चौकट खाली घेतली आणि अर्ध्या पाकळीवर अंगठा फिरवला. धागा कुजला होता. हात लागताच तुटला. तिने तुटलेल्या टोकाकडे पाहिलं, ते सारखं करण्यासाठी बोटं पुढे गेली, आणि तिने ती मागे घेऊन मांडीवर ठेवली. चौकट तिने पालथी ठेवून दिली.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

सुनिल्दाने सुटकेसकडे बघितलं. झाकण उघडं होतं, आईच्या झग्याची बाही कडेवरून लोंबत होती. ब्लासिदा उठेल, बाही आत घालेल, कुलूप लावेल, याची ती वाट बघत राहिली. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब.

"फिदेलिनो आलाय," सुनिल्दा म्हणाली.

"ऐकू येतंय मला."

"मग?"

ब्लासिदाने पलंगाच्या पायाला पाठ टेकली. तिने डोळे मिटले. साठीकडे झुकलेली बाई, केस घट्ट बांधलेले, इस्त्रीच्या स्कर्टला गुडघ्यापाशी पलंगाखालची धूळ लागलेली, आणि ती झटकायलाही हात उठत नव्हता.

"तू जाऊन सांग त्याला."

"काय सांगू?"



"सांग, विसरले म्हणावं. बोलावल्याचं विसरले."

सुनिल्दा उठली. ओट्यावरून जाताना आईने तिच्याकडे वर बघितलं. अंगण ओलांडून ती फाटकाशी गेली. आंब्याच्या सावलीत गाडी उभी होती. फिदेलिनो खिडकीतून कोपर बाहेर काढून बसला होता. लुकेला ब्लासिदाच्या घरासमोर राहणारा माणूस, तिला वीस वर्षं ओळखणारा.

"सामान आणू का?" त्याने विचारलं.

"नको. ब्लासी म्हणतेय, तुम्हाला बोलावलंय हे ती विसरली."

त्याने कोपर आत घेतलं. "कोण विसरलं?"

"ब्लासी."

"न्या ब्लासिदा?" त्याने इंजिन बंद केलं आणि सुनिल्दाच्या खांद्यावरून घराकडे बघितलं, घरात कुणी गेल्याची बातमी ऐकल्यासारखं. "त्या बऱ्या आहेत ना?"

सुनिल्दाने मागे वळून बघितलं. आतून ना भांड्याचा आवाज येत होता, ना कुणाच्या चालण्याचा.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आजच सुरू झालंय."