शिवलेली होडी

"नेऊ का मग?" सुताराने विचारलं. पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवर त्याने हातही ठेवला होता.

"न्या," लेक म्हणाली. "कपाट तरी होईल. बाबांना उजव्या हातात कप धरवत नाही, होडी कसली करतायत!"

आतल्या पलंगावर सगळं ऐकू जात होतं. वीजमीटरचे आकडे टिपत जन्मभर दारोदार हिंडलेला तो माणूस अर्धांगाचा झटका आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. निवृत्तीनंतर घरी होडी करायची, एवढी एकच हौस त्याने बाळगली होती. फळ्या कापून झाल्या आणि उजवी बाजू लुळी पडली.

त्याच्या बायकोने शिलाईयंत्र थांबवलं. लोकांचे कपडे शिवून तिने संसाराला हातभार लावला होता. त्या फळ्यांकडे तिने आजवर अडगळ म्हणूनच पाहिलं होतं. आज त्यांच्या बाकदार कडा नजरेत भरल्या. बेतून ठेवलेल्या बाह्यांसारख्या त्या एकमेकींशी जुळत होत्या.

ती आत गेली. "अहो, याला खिळे कुठे मारायचे?"

त्याने भिंतीकडची मान वळवली. मग जड जिभेने तो म्हणाला, "खिळे नाहीत. शिवायची. तारेनं."

"शिवायची? आणि मला बोलला नाहीत?"

"तू... हसली असतीस."

"हसलेच असते." ती बाहेर आली. "दादा, फळ्या राहू द्या. चहा घेऊन जा."

लेक वैतागली. "आई, तुला पोहता तरी येतं का?"

"पोहायचंय कुणाला? होडीत बसायचंय."

दुसऱ्या दिवसापासून त्याला खुर्चीत बसवून ती कामाला लागली. कडेने भोकं पाडायची, तांब्याची तार ओवायची, पकडीने पीळ द्यायचा. तो नुसता बघायचा. एकदा मात्र म्हणाला, "टाका सैल आहे."

"माझा टाका? सैल?"

खुर्चीचा हात धरून तो उठला, लटपटत पुढे आला आणि डाव्या हाताने त्याने पीळ आवळून दाखवला. ती मान खाली घालून पुढचं भोक शोधत राहिली. डोळे भरून आल्यामुळे ते काही तिला लवकर सापडेना.

टाके आवळत गेले तसा सपाट फळ्यांना बाक आला आणि खोलीत होडी उभी राहिली. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून मापं द्यायला येऊ लागली. सांध्यांवर चिकट राळ भरली, ती वाळून फळ्या पक्क्या चिकटल्यावर तारा कापल्या. दारातून होडी आडवी करून काढायला सुतारच आला, येताना दोन वल्ही घेऊन.

तळ्यावर दोघं एकाच फळीवर शेजारी बसली, एकेक वल्हं घेऊन. त्याने डाव्या हाताने धरलं, उजवा वरून नुसता टेकवला. तिने जोर लावला तशी होडी गर्रकन फिरली.

"आई, गिरक्या घेताय!" काठावरून लेक ओरडली. ती हसत होती.

तो खजील झाला.  बायकोने वल्हं थोडं वर धरलं, नुसतं पाण्याला लावून ओढलं. होडीचं तोंड हळूहळू समोर वळलं.

"जोर लाव की," तो म्हणाला.

"लावतेय," ती म्हणाली, आणि हात आणखी हलका केला.

होडी सरळ निघाली.