फळीवरचा धाकटा

मी जर्मनीतल्या झोलिंगेनच्या एका धार लावायच्या कारखान्यातला गोल दगड बोलतोय. खाणीतला नव्हे, माणसाने घडवलेला. या चाकू-कात्र्यांच्या गावात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पण मला रुवेनने घडवलं, म्हणून माझा तोरा वेगळा.

माझ्या मिश्रणात त्याने डांबरगोळ्यांची भुकटी घातली होती. भट्टीत ती उडून जाते, मागे बारीक छिद्रं राहतात. त्यांत पाणी खेळतं, म्हणून पातं तापत नाही. तिचा वास मात्र रुवेनच्या केसांतून जाईना.

"तू शेजारी बसलास की माझा पाव लोकरीच्या कपड्यांच्या कपाटासारखा लागतो," असं धाकटा भाऊ टिल त्याला चिडवायचा. मला चालवायचा तो टिलच.

मग रुवेनने भुकटीऐवजी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घातला. सहा दगड भट्टीत तडकले. सातवा टिकला. तो नाकाला लावून रुवेन हसला. मला त्याने कधी नाकाला लावलं नव्हतं.

महिन्याभरात रुवेन आजाराने गेला.

टिलने नवा दगड कापडात गुंडाळून फळीवर ठेवला. बरं झालं, म्हटलं, पडून राहू दे मेल्याला. पण मी रोज झिजत होतो आणि तो होता तेवढाच. जेवणाच्या सुट्टीत टिल त्याच्यावर हात फिरवायचा. माझ्या अंगाची आग आग व्हायची.

एके दिवशी मालकीण वालबुर्गाबाईंनी मला मोजपट्टी लावली. "हा संपला, टिल. फळीवरचा काढ."

"तो झिजेल, बाई."

"मग काय लोणचं घालायचंय त्याचं?"

"संपला की रुवेनचं काहीच उरणार नाही."

"दगडांची कृती लिहिलेली त्याची वही आहे ना?"

"मला त्याचं अक्षर लागत नाही."

"मला लागतं. उद्या घेऊन ये."

टिलने नव्या दगडावर लाकडी हातोडी टकटकवली. आत चीर असली की आवाज बद्द येतो. बद्दच येऊ दे, मी मनात म्हणालो. तो खणखणीत वाजला.

टिलने मला उतरवून त्याला चढवलं आणि पहिलं पातं टेकवलं. ते तापून निळं पडलं नाही. टिलचे डोळे वाहत होते, पण त्याने पातं दगडावरून उचललं नाही.

आता मी खिडकीत असतो. माझ्यावर कॉफीचा कप ठेवतात. संध्याकाळी टिल बाही झटकतो. अकरा वर्षं तिच्यावर माझी धूळ होती, आता त्याची आहे. बघवत नाही. तरी सांगतो टिल, त्यालाही माझ्यासारखा पुरता झिजव.